खांद्याचं माप

तांबट आळीच्या तोंडाशी, घड्याळवाल्याच्या वर.
अकरा पायऱ्या. बारावी कुणी बसवलीच नाही,
तिथे सभासदाचा पाय आपोआप लांब पडतो,
परका अडखळतो.
एवढीच काय ती आमची गुप्त खूण.

दारावर पाटी : अंत्यविधी सहाय्यक मंडळ.
गरज असेल तर कडी वाजवा.
चौकशीसाठी रविवारी या.

मी रविवारीच गेलो, पाकीट घेऊन.
बाबा गेले त्या रात्री घरात आम्ही तिघेच :
मी, मेहुणा, आणि मामा,
ज्याच्या हर्नियाचे टाके अजून ओले.
शेजार सगळा लग्नाला बारामतीला.
चौथा माणूस सायकलवरून आला,
चपला काढल्या, टोपी सारखी केली
आणि काही न विचारता माझ्या शेजारी उभा राहिला.
वैकुंठापर्यंत एक शब्द नाही.
निघताना फक्त, "खांदा सुजेल. हळद लावा."

पोटफोडे चिटणीसांनी पाकीट बोटाने परत सरकवलं.
"आभाराची वही आपल्याकडे नाही.
सभासदांची आहे."

वर्गणी महिना चार रुपये. शपथ नाही, गंडा नाही.
अनवाणी उभं केलं, पाठ चौकटीला लावून,
आणि बोटभर उरलेल्या पेन्सिलीने
खांद्याशी रेघ मारली.
तशा शंभरेक रेघा तिथे, शेजारी आडनावं,
घरात पोरांची उंची मोजतात तशा,
फक्त यातलं कुणी वाढणार नव्हतं.

"तुमच्या मापाचा यासीन तांबोळी," चिटणीस म्हणाले,
"पानाच्या गादीवाला. काडीचा फरक नाही. तुमची जोडी."
तो कोपऱ्यात सुतळी गुंडाळत बसला होता.
तोच. सायकलवाला.

नियम त्यानेच सांगितले, उतरता उतरता, जिन्यात.
त्या घरी चहा घ्यायचा नाही, पाणी चालेल.
कशाने गेले, विचारायचं नाही.
वळणावर आतल्याने थांबायचं, बाहेरच्याने चालायचं.
एकदा खांदा दिला की मध्ये सोडायचा नाही.
आणि पुढे कधी लग्नाकार्यात ती माणसं दिसली
तर आपण होऊन ओळख द्यायची नाही.
"आपलं तोंड बघितलं की त्यांना ती रात्र दिसते."

हा शेवटचा नियम मला जड गेला.
बांबू नव्हे.
तुळशीबागेत एक बाई माझ्याकडे बघून थबकते,
हातातली वाटी उगाच उलटी करून पाहते,
आणि मी भाव विचारत राहतो
मला नको असलेल्या सोलाण्याचा.

मग शववाहिका आल्या. चालणं संपलं.
आता नुसते जिने.
कोथरूडला सातवा मजला, लिफ्टला आरसा, पंखा, गाणं,
पण माणूस आडवा मावत नाही तिच्यात.
अमेरिकेतला मुलगा फोनच्या चौकोनातून विचारतो,
"अंकल, तुमचे चार्जेस?"
तांबोळी म्हणायचा, "महिना चार रुपये.
आम्हीच भरतो."

सदतीस वर्षं.
त्याच्या घरचं किंवा माझं जेवण
एकमेकांकडे फारसं झालं नाही.
त्याच्या मुलींची नावं मी नीट सांगू शकलो नसतो.
पण अंधारात, मागून, तो दमलाय हे
मला बांबूतून कळायचं.

परवा तो गेला.
त्यांच्यात जनाजा हातोहात जातो, मला ठाऊक नव्हतं.
चार पावलं एकाची, मग पुढचा,
सगळ्या मोहल्ल्याला वाटून घ्यायचं असतं ते वजन.
पाठीमागून एका पोराने हलकेच दंडाला हात लावला,
"चाचा, सोडा आता, दुसऱ्याला द्या."

माझा खांदा आता रेघेच्या दोन बोटं खाली उतरलाय.
टाचा किंचित उचलून मी म्हटलं,
"राहू दे, बाळा.
माप जुळतंय."